हलक्या गाडीचं ओझं

पिकअपचा पाटा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, तुटतो तो बहुतेक वेळा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी. यू-बोल्ट ढिले पडलेले असतात, पाट्यांची चवड आतल्या आत हलत राहते आणि सगळा ताण त्या भोकाच्या कडेला जाऊन साठतो. ड्रायव्हरला मात्र वाटतं, माल जास्त झाला म्हणून पाटा गेला. मग तो म्हणतो, "मिस्त्री, अजून एक पाटा टाका." आळेफाट्याला पाट्यांचं वर्कशॉप चालवताना हे वाक्य मी जितकं ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच नाही.

जादा पाट्यानं भरलेली गाडी बसत नाही, हे खरं. पण आमच्याकडची पिकअप दिवसभर भरलेली नसते. पहाटे ती तोडणीच्या बायकांना आणि रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांना घेऊन शेतावर जाते. अर्धा माल एका बांधावरून भरते, उरलेला दुसऱ्या बांधावरून. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो उतरवून पुन्हा रिकामी परतते. पाटे वाढवलेली गाडी रिकामी असली की दर खड्ड्याला उडते, आणि अर्धी भरलेली असली की वरच्या थरातलं फळ क्रेटच्या कडेवर आपटत राहतं. वीस किलोच्या क्रेटमधली चार फळं दबली तरी व्यापाऱ्याची नजर नेमकी तिथं पडते. गाडी वाचवायला टाकलेला पाटा माल खातो. हे ड्रायव्हरला समजावून सांगायचे शब्द मला मिळाले ते एका इंग्रज इंजिनिअरच्या कामातून. त्यांचं नाव ॲलेक्स मोल्टन. ९ डिसेंबर २०१२ ला, ब्याण्णव वर्षांचे असताना, ते गेले. आमच्या तालुक्यात त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही. म्हणूनच त्यांच्याविषयी लिहावंसं वाटतं.

मिनी ही मोटार १९५९ च्या ऑगस्टमध्ये आली. ती आखली ॲलेक इसिगोनिस यांनी, आणि मिनीचा विषय निघाला की लोक त्यांचंच नाव घेतात. ते योग्यच आहे. पण अवघ्या दहा फूट लांबीच्या गाडीत चार मोठी माणसं बसू शकली, त्यात चाकांपाशी लपलेल्या चार रबरी शंकूंचाही वाटा होता. मिनीला पाटे नव्हते, गुंडाळीची स्प्रिंगही नव्हती. रबराचा एक आखूड शंकू, त्याला आतून-बाहेरून घट्ट चिकटवलेले धातूचे भाग. चाक वर उचललं गेलं की एका दांड्यामार्फत तो दाबला जायचा. जागा इतकी थोडी लागायची की वाचलेली सगळी जागा माणसांना मिळाली. ही रचना मोल्टन यांची.

पण जागा वाचवणं हे त्या शंकूचं खरं काम नव्हे. स्प्रिंग ओझ्याखाली किती बसते, त्यावरून गाडीचा हेलकावा ठरतो. पंचवीस सेंटिमीटर बसली तर सेकंदाला एक हेलकावा, सहा सेंटिमीटर बसली तर दोन, तीनच सेंटिमीटर बसली तर जवळजवळ तीन. माणसाच्या अंगाला सेकंदाला एक ते दीड हेलकावा मानवतो. त्यापुढे गाडी ठोकायला लागते. आता दीड टनाच्या मोटारीत चार माणसं बसली तर वजनात वीस टक्क्यांची भर पडते, स्प्रिंगला ते विशेष जाणवत नाही. मिनीचं स्वतःचं वजन सहाशे किलोच्या आसपास. तिच्यात चार माणसं आणि सामान चढलं की वजन दीडपट होतं. एकट्या ड्रायव्हरसाठी स्प्रिंग मऊ ठेवावी तर चौघांच्या वजनानं ती टेकते, चौघांसाठी कडक करावी तर एकट्याला दणके बसतात. गाडी जितकी हलकी, तितकं तिच्यावरचं ओझं तिला जड. मोल्टन यांच्या सगळ्या कामाचं मूळ मला इथं दिसतं.

पोलादाची साधी स्प्रिंग दर शंभर किलोला सारखीच बसते. रबराचं तसं नाही. पहिले शंभर किलो आले की ते भरपूर दबतं, पुढच्या शंभराला त्याहून कमी, त्याच्या पुढच्याला आणखी कमी. ओझं वाढेल तसं ते आपणहून ताठ होत जातं. शंकूचा आकार नीट साधला तर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या हेलकाव्यात फारसा फरक पडत नाही. पाट्यांच्या चवडीतही खालचे जाड पाटे उशिरा टेकावेत असं करून आम्ही हेच साधायचा प्रयत्न करतो, पण ते पायरीपायरीनं होतं. रबर ते सलग करतं.

रबर मोल्टन यांच्या घरातच होतं. त्यांचे पणजोबा स्टीफन मोल्टन यांनी चार्ल्स गुडइयरच्या गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराचे नमुने अमेरिकेहून इंग्लंडला आणले आणि १८४८ साली ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या विल्टशरमधल्या गावी लोकरीच्या जुन्या गिरणीत रबराचा कारखाना काढला. पुढे तिथं रेल्वेच्या डब्यांसाठी रबराचे बफर आणि स्प्रिंगा बनू लागल्या. ॲलेक्स यांचा जन्म १९२० चा. केंब्रिजचं शिक्षण, युद्धाच्या काळात ब्रिस्टल या विमान कंपनीत रॉय फेडन यांच्या हाताखाली इंजिनांचं काम, आणि मग परत घरच्या कारखान्यात. १९५६ साली तो कारखाना एव्हन रबर कंपनीला विकला गेला. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या राहत्या वाड्याच्या आवारातच सस्पेन्शनच्या संशोधनाचं स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं आणि ते गाव अखेरपर्यंत सोडलं नाही.

मिनीनंतर त्यांनी आणखी पुढची गोष्ट केली. १९६२ च्या मॉरिस ११०० मोटारीत रबराच्या स्प्रिंगला पाण्याची जोड दिली. प्रत्येक चाकापाशी रबर आणि द्रव असलेला एक डबा. एका बाजूच्या पुढच्या डब्यातून मागच्या डब्याला नळी. द्रव म्हणजे मुख्यतः पाणीच, गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळलेलं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की तिथला द्रव नळीतून मागं ढकलला जातो आणि गाडीची मागची बाजूही थोडी उचलली जाते. गाडी नाक वर करून मग शेपटावर आपटत नाही, सपाटच्या सपाट वर जाते आणि सपाटच खाली येते. हायड्रोलॅस्टिक हे त्या रचनेचं नाव. १९७३ पासून रबराच्या जागी नायट्रोजन वायू आला, त्याचं नाव हायड्रागॅस. एमजीएफ या मोटारीत ती रचना २००२ पर्यंत होती.

पुढचं-मागचं चाक एकमेकांशी जोडायची कल्पना फ्रान्समध्ये आधीच अमलात आली होती. सिट्रोएनच्या २ सीव्ही गाडीला १९४८ मध्येच पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या स्प्रिंगा होत्या. त्या गाडीची आखणी करताना शेतकरी ती नांगरलेल्या वावरातून नेईल आणि टोपलीतलं एकही अंडं फुटणार नाही, अशी अट कंपनीनं आपल्या इंजिनिअरांना घातली होती. ही अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पिंपरी-चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात शॉकअबच्या चाचणीवर होतो. आमच्याकडे चाचणीचे कागद यायचे, त्यावर न्यूटन आणि मिलिमीटर असायचे, चक्रं किती लाख झाली ते असायचं. अंडं कधीच नसायचं. गाडीत काय आहे आणि ते शाबूत पोचलं पाहिजे, इथून विचार सुरू करायचा हे मला त्या दिवशी कळलं. कारखान्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सस्पेन्शनवरचं एक जाड पुस्तक मला दिलं होतं. त्यात मिनीचा शंकू चितारलेला होता, मोल्टन यांचं नाव तिथंच मी प्रथम वाचलं.

सायकलशी मात्र माझा संबंध त्याच्या कितीतरी आधीचा. जुन्नरात आमच्या आण्णांचं सायकलचं दुकान होतं. तासाच्या भाड्यानं सायकली देणं, पंक्चर, चिमटा सरळ करणं, रिमचा आऊट काढणं. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, भक्कम कॅरिअर. तीच सायकल सगळ्यांची. दुधाचे दोन-दोन कॅन लटकवून आपटाळ्याच्या बाजूनं येणारे गवळी तीच चालवायचे, घाटघराकडून हिरड्याची पोती आणणारेही तीच. पोरं नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत त्याच सायकलीवर शिकायची. बायकांना ती नळीमुळे चालायचीच नाही, त्यांच्यासाठी वेगळी लेडीज सायकल, आणि ती दुकानात एखादीच. मागच्या चाकाचे आरे तुटायचे ते जवळजवळ नेहमी गवळ्यांचे. आण्णा जाड आरे घालून द्यायचे, कॅरिअरला लोखंडी पट्टी मारून द्यायचे. सायकल जड होत जायची. माणसासाठी बनवलेल्या यंत्रावर माणसाच्या वजनाइतकंच सामान चढत होतं, आणि ते सोसायला त्या यंत्रात टायरमधली हवा आणि खोगिराची स्प्रिंग यांपलीकडे काहीही नव्हतं.

मोल्टन सायकलीकडे वळले ते सुवेझमुळे. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासरनं सुवेझ कालवा ताब्यात घेतला, युद्ध झालं, कालवा बंद पडला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. मोल्टन यांनी एक उत्तम, हलकी सायकल विकत घेतली. ती त्यांना आवडली. पण मोटारीच्या खालच्या भागात आयुष्य घातलेल्या माणसाच्या मनात प्रश्न आले. चाक एवढं मोठं कशासाठी? सायकलीचा हा साचा १८८० च्या दशकात ठरला आणि तेव्हापासून तो जवळजवळ तसाच आहे, तो का? मधे आडवी नळी का, जिच्यावरून पाय टाकून चढावं लागतं? सामान ठेवायला जागा का नाही? आणि धक्के सोसायला काही का नाही?

लहान चाकाची सायकल जड चालते, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. आण्णांचाही होता. मोल्टन यांनी तो तपासून पाहिला. सपाट रस्त्यावर सायकल अडवते ती बरीचशी टायरची दबण्या-उलगडण्यात खाल्ली जाणारी शक्ती. टायर अरुंद ठेवला, त्याची वीण लवचीक ठेवली आणि त्यात भरपूर दाबाची हवा भरली, तर सोळा इंची चाकही मोठ्या चाकाच्या तोडीनं पळतं. डनलॉपनं त्यांच्यासाठी असे टायर बनवले. लहान चाक वजनाला कमी, म्हणून लवकर वेग घेतं. त्याचे आरे आखूड, म्हणून ते मजबूत. त्याच्या वर जागा मोकळी राहते, म्हणून सामान खाली, बुडाशी ठेवता येतं आणि सायकल डुलत नाही. अडचण एकच: कडक हवेचं लहान चाक खड्ड्यात खोल जातं आणि दणका थेट हाता-पाठीला देतं. म्हणून सस्पेन्शन. पुढं चिमट्याच्या वरच्या नळीत स्प्रिंग आणि रबर, मागं रबराचा ठोकळा. आडवी नळी काढून टाकली आणि बाई, पुरुष, पोर कुणीही चढेल अशी खाली झुकलेली एकच चौकट केली.

सस्पेन्शन ही सायकलवर नंतर लावलेली चैन नव्हती, हे मला इथं फार मोलाचं वाटतं. चाक लहान केलं म्हणून हवा कडक हवी, हवा कडक म्हणून सस्पेन्शन हवं, सस्पेन्शन आहे म्हणून चाक लहान चालतं. एक गोष्ट काढली की बाकीच्या ढासळतात. आज दुकानात पोरांच्या सायकलींना पुढं जाडजूड शॉकअब दिसतात. त्यांतल्या कित्येकांत धड स्प्रिंग नसते, वजन मात्र वाढलेलं असतं. त्या पाहिल्या की मला वाईट वाटतं.

इंग्लंडमधल्या सगळ्यांत मोठ्या सायकल कंपनीनं, रॅलेनं, ही सायकल बनवायला नकार दिला. मोल्टन यांनी मग स्वतःच कारखाना काढला. नोव्हेंबर १९६२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती मांडली. त्याच डिसेंबरात जॉन वुडबर्न यांनी मोल्टन सायकलवरून कार्डिफ ते लंडन या प्रवासाचा विक्रम मोडला, आणि लहान चाक जड चालतं हा समज निदान तिथं तरी संपला. लोकांनी सायकल उचलून धरली. रॅलेनं आधी स्वतःची लहान चाकांची सायकल काढली, तिला जाड टायर आणि कमी हवा दिली, सस्पेन्शन दिलं नाही. १९६७ मध्ये मोल्टन यांचाच धंदा विकत घेतला आणि १९७४ मध्ये त्यांची सायकल बनवणं थांबवलं. एखाद्याचं मन मोडायला एवढं पुरेसं होतं. मोल्टन यांनी पुन्हा आखणी सुरू केली. १९८३ मध्ये बारीक नळ्यांच्या जाळीची, मधून सुटी होणारी नवी सायकल आणली. १९८६ मध्ये व्हँकुव्हरला जिम ग्लोव्हर यांनी बाहेरून कवच घातलेल्या मोल्टनवर ताशी ८२ किलोमीटरचा वेग गाठला.

ती जाळीची सायकल मी हातात घेतली ती खोडदमुळे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा खोडदच्या परिसरात, बाकीच्या तीन दिशांना गावागावांच्या शिवारात पसरलेल्या. तिथं काही काळ कामाला आलेल्या एका परदेशी पाहुण्यानं आपली सायकल बॅगेतून आणली होती. तिचा पुढचा चिमटा कुरकुरत होता. नारायणगावच्या सायकलवाल्यानं हात जोडले आणि त्यांना माझ्याकडे धाडलं, कारण "फाट्यावरचा पाटेवाला असलं काहीतरी बघतो."

सायकल बाकड्यावर घेतली. चिमट्याच्या खालच्या टोकांना छोटे सांधे होते, चाक त्यांच्यावर पुढं-मागं झुलत वर जात होतं. त्या सांध्यांतच घर्षणानं हेलकावा मारायची सोय होती. बोल्ट किती आवळायचा यावर ते ठरायचं. वेगळा शॉकअब नव्हताच. मागच्या सांध्यात रबर. मी सांधे खोलले, धूळ काढली, चकत्या साफ करून पुन्हा बसवल्या आणि बोल्ट हातानं अंदाज घेत आवळले. आमच्या रस्त्यांची धूळ त्या चकत्यांमध्ये गेली होती, दुसरं काही बिघडलेलं नव्हतं. वर्कशॉपच्या दारात, महामार्गाच्या कडेला खडी उखडलेल्या पट्ट्यावरून मी ती चालवली. चाक खालून खडखडताना दिसत होतं आणि हँडल शांत होतं. आण्णा तेव्हा हयात होते. त्यांना मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोलावून सायकल दाखवली. त्यांनी ती उचलून पाहिली, मागच्या रबराला अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "हे गवळ्यांना हवं होतं."

त्या पाहुण्यांनी जाताना दुर्बिणीच्या तबकड्यांबद्दल सांगितलं. त्या मी लहानपणापासून लांबून पाहत आलो, पण त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं. प्रा. गोविंद स्वरूप यांनी एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली नाही. बारीक स्टेनलेस तारेची जाळी दोरांच्या आधारावर ताणून बसवली, त्यातून वारा आरपार जातो, म्हणून खालचा सांगाडाही हलका चालला आणि खर्चही आवाक्यात राहिला. जे वजन उचलायचंच नाही ते आधी काढून टाका, मग जे उरतं त्याची नीट काळजी घ्या. आमच्या शिवारात ही विद्या उभी आहे आणि आम्ही वर्कशॉपवाले पाट्यावर पाटा चढवत बसलो होतो.

महाराष्ट्रातही रबरावर मोटार उभी करणारा माणूस होऊन गेला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. २००८ च्या जानेवारीत टाटांची नॅनो लोकांसमोर आली, तेव्हा जुन्या लोकांनी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची आठवण काढली. शाळा सातवीपर्यंतची. १९४५ च्या सुमारास त्यांनी सामान्य माणसाला परवडेल अशा छोट्या मोटारीचं काम हाती घेतलं आणि १९४९ मध्ये दोन आसनांची पहिली गाडी रस्त्यावर आणली. गाडीचं नाव मीरा. त्यानंतर पंचवीस वर्षं ते एकामागून एक सुधारलेले नमुने बनवत राहिले, अगदी १९७५ पर्यंत. इंजिन मागं बसवलेलं, चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र, आणि ते रबराचं. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा त्यांचा इरादा होता. गाडी कधीच कारखान्यातून बाहेर पडली नाही, कारण कारखानाच उभा राहिला नाही.

इचलकरंजी हे मागांचं गाव. मोटारीच्या कारखान्यापासून, रबराच्या प्रयोगशाळेपासून, चाचणीच्या ट्रॅकपासून दूर. तिथं बसून एक माणूस हलक्या गाडीला पोलादी पाट्यांऐवजी रबर हवं या निष्कर्षाला पोचतो, ही साधी गोष्ट नाही. १९४९ मध्ये मिनी यायला अजून दहा वर्षं होती. मोल्टन आणि शंकरराव यांनी एकमेकांचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण गाडी लहान, ओझं त्या मानानं मोठं, रस्ता वाईट आणि पैसा थोडा, हा प्रश्न दोघांसमोर सारखाच होता.

दोघांच्या बुद्धीत फरक होता असं मी मानत नाही. फरक होता तो भोवतालचा. मोल्टन यांना रॅलेनं नाही म्हटलं तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचं आवार होतं, घराण्याचा पैसा होता, रबराची चार पिढ्यांची माहिती होती. त्याहून मोठं म्हणजे इसिगोनिस यांच्यासारखा मित्र होता. पन्नासच्या दशकात इसिगोनिस अल्व्हिस कंपनीत होते तेव्हापासून दोघं मिळून चाकं जोडणाऱ्या सस्पेन्शनवर प्रयोग करत होते; पुढं इसिगोनिस ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये गेले आणि मोल्टन यांच्या रबराला लाखो गाड्या मिळाल्या. शंकररावांच्या देशात १९५१ च्या कायद्यानं मोटार बनवायला सरकारी परवाना लागत होता, आणि रस्त्यावर मोजून तीन कंपन्यांच्या गाड्या होत्या: ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. त्यांच्यापैकी कुणाच्याही आखणीच्या टेबलाशी इचलकरंजीच्या माणसाला खुर्ची नव्हती. निदान ते रबर, निदान ती मागच्या इंजिनाची बांधणी कुणीतरी मागून घ्यायला हवी होती, मापं टिपून ठेवायला हवी होती. एका माणसाची पंचवीस वर्षं अशी एखाद-दुसऱ्या शेडमध्ये संपू देणं हे मला आपल्या अभियांत्रिकीचं मोठं नुकसान वाटतं. मोल्टन यांच्या शंकूची आकृती मला पिंपरीत पुस्तकात मिळाली. मीराच्या रबराची आकृती मला मिळाली असती तर मी वर्कशॉपच्या भिंतीवर लावली असती.

आता माझ्याकडे कुणी "अजून एक पाटा टाका" म्हणाला की मी आधी गाडी काट्यावर पाठवतो. रिकामी एकदा, भरलेली एकदा. दोन्ही वेळा मागची चासी जमिनीपासून किती उंच आहे ते खडूनं फळीवर लिहून घेतो. चार इंचांहून जास्त फरक पडत असेल तर जादा पाटा टाकत नाही. असलेले पाटे खोलून, तापवून त्यांना पुन्हा कमान देतो, यू-बोल्ट नवे घालतो आणि चासी व पाटा यांच्यामध्ये रबराचा पोकळ ठोकळा बसवतो. रिकाम्या गाडीत तो पाट्याला नुसता टेकलेला असतो. निम्मा माल चढला की दबायला लागतो, पूर्ण माल चढला की ताठ होतो. घोडेगावहून डिंभे-तळेघरच्या रस्त्यानं बटाटा आणणारा एक ड्रायव्हर पहिल्यांदा ठोकळा पाहून म्हणाला, "एवढ्याशा रबरानं काय होतंय, दादा?" तो पुढच्या आठवड्यात भावाची गाडी घेऊन आला.

आयटीआय करून आलेली दोन पोरं सध्या माझ्याकडे आहेत. त्यांना मी हेच गणित खडूनं काढायला लावतो, आणि गाडीत काय भरतात ते ड्रायव्हरला विचारायला लावतो. कांदा, टोमॅटो, द्राक्षाच्या पेट्या, कोथिंबीर. प्रत्येकाचं वजन वेगळं, दबणं वेगळं. द्राक्षवाल्याला पूर्ण भरलेल्या गाडीतही मऊपणा हवा असतो, कांदेवाल्याला गाडी टेकू नये एवढंच हवं असतं. एकच ठोकळा दोघांना चालत नाही.

अडचण रबराचीच आहे. नैसर्गिक रबर हेलकाव्याला उत्तम, पण डिफरन्शियलचं ऑइल गळून त्याच्यावर पडलं की फुगतं आणि मऊ पडतं. उन्हानं आणि हवेतल्या ओझोननं त्याला वरून बारीक भेगा जातात. निओप्रीन तेल आणि ऊन दोन्ही जास्त सोसतं, पण थोडं सुस्त आहे, दाब सुटल्यावर मूळ उंचीला यायला वेळ घेतं. ओतूरच्या एका कांदेवाल्याच्या दोन सारख्या गाड्या आहेत, एकाच रस्त्यावर चालतात. या वेळी एकीला नैसर्गिक रबराचे ठोकळे बसवले आहेत आणि दुसरीला निओप्रीनचे. पावसाळा संपला की दोन्ही काढून प्रेसखाली दाबून पाहायचे, आणि किती किलोला किती मिलिमीटर बसतात ते लिहून ठेवायचं असं ठरलं आहे. पोरांनी त्यासाठी वही घातली आहे.